दिवाळे जेटीवरची कालवं: नेमकी जात कोणती?

खाजणवारा

मंडळी, एक किचकट काम गळ्यात पडलंय. आमच्या भागातल्या काही सोसायट्यांनी मिळून नेरुळच्या खाडीकाठी माहितीफलक लावायचं ठरवलंय. फ्लेमिंगो, तिवरं, चिंबोऱ्या, निवट्या यांचे मजकूर लिहून झाले. कालवं माझ्या वाट्याला आली आणि गाडी तिथेच अडलीय.

फोटो दोन ठिकाणचे आहेत. पहिले दिवाळ्याच्या जेटीच्या दगडांवरचे. कालवं लहान, दोन-अडीच इंचांची, कडा नागमोडी आणि काळपट जांभळी. दुसरे पनवेल खाडीच्या बाजूला चिखलात उभ्या असलेल्या एका जुन्या खांबावरचे. ही तळहातापेक्षा लांब, करडी-पांढुरकी, वरून पापुद्रे सुटलेली. फोटोवरून जात सांगणाऱ्या एका ॲपने दोन्हींना बिनदिक्कत 'पॅसिफिक ऑयस्टर' म्हणून टाकलं. जुन्या एका यादीत 'ऑस्ट्रिआ क्युक्युलाटा' आहे, दुसरीत 'सॅकोस्ट्रिआ', तिसरीत 'क्रॅसोस्ट्रिआ', आणि अलीकडच्या लेखांत 'मॅगॅलाना'. हे एकाच प्राण्याचे चार अवतार आहेत की चार वेगळे प्राणी?

फलक छापायला जायचाय. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

चेंदणीकर

'कालव' एवढंच लिहा की. वाचणाऱ्यांपैकी कोण लॅटिन नाव पाठ करणार आहे?

खाजणवारा

@चेंदणीकर, फ्लेमिंगोच्या फलकावर मोठा कोणता, लहान कोणता हे चोचीच्या रंगासकट लिहिलंय. कालवांनीच काय घोडं मारलंय?

ऐरोलीचा बाब्या

ॲपचं मनावर घेऊ नका. पॅसिफिक ऑयस्टर मूळ जपानकडचं, त्याला थंड पाणी मानवतं. जगभर शेती त्याचीच सर्वात जास्त होते, म्हणून फोटोही त्याचेच ढिगाने असतात. ॲप त्याच फोटोंवर शिकलेलं. त्याला कुठलंही खडबडीत कालव दाखवा, तेच उत्तर येईल.

मृदुकाय

धागा आत्ता पाहिला. प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, कालव बाहेरून बघून ओळखायला जाऊ नका. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग एखाद्या घट्ट जागी डावी शिंप चिकटवून बसतं ते कायमचं. पुढे आकार ठरवते ती जागा. ऐसपैस दगडावर एकटं वाढलं तर गोलसर होतं. दाटीत सापडलं की लोकलच्या चौथ्या सीटवरच्या माणसासारखं अंग चोरून उभं-अरुंद वाढतं. चिखल वर चढत असेल तर तोंड मोकळं ठेवण्यासाठी लांबत जातं. एकाच आईबापांची दोन पिल्लं तुम्हाला दोन जातींची वाटतील आणि दोन जाती एक वाटतील. शंभर-दीडशे वर्षं शास्त्रज्ञ याच भुलाव्यात अडकले आणि आकार बदलला की नवं नाव देत सुटले. आज कालवांच्या नावांचा जो पसारा दिसतो, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

म्हणून शिंप आतून बघायची. जिवंत कालव फोडायची गरज नाही, ओहोटीला मेलेल्यांच्या उघड्या शिंपा भरपूर मिळतात. दोन्ही बाजू शाबूत असलेली जोडी शोधा. डावी खोलगट असते, उजवी झाकणासारखी चपटी. ब्रशने घासून, वाळवून तिरप्या उजेडात धरा आणि तीन गोष्टी बघा.

आतल्या कडेवरून नख फिरवा. सॅकोस्ट्रिआ असेल तर चपट्या शिंपेच्या कडेला बारीक बारीक उंचवटे लागतील आणि समोरच्या खोलगट शिंपेत तेवढेच खळगे असतील, एकात एक बसणारे. इंग्रजीत यांना कोमाटा म्हणतात, मी वर्गात 'दंतिका' म्हणायचे. सॅकोस्ट्रिआत त्या बिजागरीपासून जवळजवळ पूर्ण कडेने फिरतात. ऑस्ट्रिआत असल्या तर बिजागरीच्या आसपासच असतात. क्रॅसोस्ट्रिआ आणि त्यातून वेगळं काढलेलं मॅगॅलाना, यांची कड आतून साफ गुळगुळीत.

मग स्नायूचा डाग. दोन्ही शिंपा मिटून धरणारा स्नायू जिथे चिकटलेला असतो तिथे वेगळ्या रंगाचा ठसा राहतो. त्याचा रंग आणि आकार दोन्ही टिपा.

शेवटी बिजागरी. तिच्या खाली पोकळी किती खोल आहे आणि मधली खाच कशी आहे, हे बघा.

एवढं करून परत या, मग बोलू.

सुगरण कोपरी

वाचतेय. प्रश्न भाबडा आहे, पण यात मोती निघतो का?

मृदुकाय

@सुगरण कोपरी, नाही हो. मोत्याची कालवं पिंक्टाडा, ते कूळच निराळं. ती धाग्यांनी दगडाला धरून असतात आणि त्यांच्या शिंपेला आतून मोत्याची झिलई असते. आपल्या खाण्यातल्या कालवांच्या शिंपेत ती झिलईच नसते. क्वचित एखादा खडा सापडला तरी चुन्याच्या गोळीइतकाच निस्तेज. सोनाराकडे न्यायच्या लायकीचा नाही.

दिवाळ्याची सून

आमच्याकडे बायका कधीच दोन्हींत घोळ घालत नाहीत. खडपावरची बारकी, फोडायला जड, पण चवीला गोड. खाडीच्या चिखलातली मोठी, पाणचट. सासूबाई फोटो बघून म्हणाल्या, "ही येगली नि ती येगली, यात काय इचारायचं?" आणि लहान कालवात कधीकधी इवलासा मऊ खेकडा निघतो, तो मोठ्यांत आम्ही तरी पाहिला नाही.

मृदुकाय

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची वर्गवारी बहुतेक बरोबरच निघणार.

त्या खेकड्याचं म्हणाल तर मुंबईच्या प्राणिशास्त्राचा तो जुना विषय. आवटी आणि राय या दोघांनी १९३१ साली 'बॉम्बे ऑयस्टर'वर शंभरावर पानांचा प्रबंध लिहिला. पुढे कित्येक वर्षं कॉलेजांत कालवाचं विच्छेदन त्याच्याच आधाराने शिकवलं जायचं. वाटाण्याएवढा खेकडा आत राहायला आला की कालवाच्या नर-मादी होण्यावर काय फरक पडतो, हेही त्यांनी तपासलं होतं. कालवं लिंग बदलतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक असेलच. त्या प्रबंधात नाव आहे ऑस्ट्रिआ क्युक्युलाटा. तुमच्या जुन्या यादीतलं नाव त्याच काळातलं.

खाजणवारा

आज ओहोटीला जाऊन आलो. निरीक्षणं अशी:

जेटीवरची जोडी. चपट्या शिंपेच्या आतल्या कडेवर नख फिरवलं तर करवतीच्या बोथट पात्यावरून गेल्यासारखं कुरकुरतं. बिजागरीच्या दोन्ही बाजूंनी उंचवटे सुरू होतात आणि खालपर्यंत जातात, फक्त खाली जरा विरळ होतात. खोलगट शिंपेत समोरासमोर खळगे. दोन्ही शिंपा जुळवून सरकवून पाहिल्या, बाजूला हलतच नाहीत. काठाला जांभळट काळी किनार, आत पांढरं. डाग मूत्रपिंडाच्या आकाराचा. खोलगट शिंप बिजागरीखाली चांगली आत शिरलेली, करंगळीचं टोक मावतं.

खांबावरची जोडी. कड गुळगुळीत, नख कुठेच अडत नाही. बिजागरी लांब, मधली खाच खोल. डाग रुंद, लांबट, पांढुरका आणि थोडा चमकणारा. जांभळा अजिबात नाही.

मृदुकाय

वा! फोटोंपेक्षा हे वर्णन जास्त कामाचं.

जेटीवरचं सॅकोस्ट्रिआ, यात शंका नको.

खांबावरचं जुन्या पद्धतीने क्रॅसोस्ट्रिआ. आपल्या किनाऱ्यावर या गटातली तीन नावं पूर्वापार चालत आली आहेत. मद्रासेन्सिस मुख्यतः पूर्व किनाऱ्याचं आणि दक्षिणेचं, त्याचा डाग गडद जांभळा. रिव्ह्युलॅरिस गोलसर, चपटं, पोकळी उथळ, डाग धुरकट पांढरा. आणि ग्रायफॉइडिस, उत्तर कर्नाटकापासून गोवा-महाराष्ट्राच्या चिखलाच्या खाड्यांमधलं, बिजागरी भक्कम, खाच खोल, डाग रुंद आणि मोतिया पांढरा. पाण्याचा खारेपणा पावसात एकदम घटला आणि उन्हाळ्यात चढला तरी ते तग धरतं. पालघरकडे केळव्याच्या खाडीत यावर १९६०च्या सुमारास बराच अभ्यास झालाय. तुमचं वर्णन ग्रायफॉइडिसशी जुळतं.

पीसीआर

मॅडमशी सहमत, पण 'शंका नको' हे वाक्य प्रजातीपर्यंत ताणू नका. वंशापर्यंत, म्हणजे शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दापर्यंत ठीक आहे, पुढे मामला अवघड आहे. मी जनुकांच्या बाजूने लिहितो.

क्युक्युलाटा हे नाव इग्नाझ फॉन बॉर्न याने १७७८ साली दिलं, आणि ज्या नमुन्यावर दिलं तो कुठला सांगितलाय? असेन्शन बेटाचा. ते बेट आहे दक्षिण अटलांटिकात. तेच नाव पुढे लोकांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून भारत, आग्नेय आशिया ते थेट पॅसिफिकपर्यंत खडकावरच्या प्रत्येक नागमोडी कालवाला चिकटवलं. २००६ मध्ये लॅम आणि मॉर्टन यांनी हिंदी-पॅसिफिक भागातल्या या कालवांचा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए पाहिला. एकट्या क्युक्युलाटा नावाखाली सात वेगवेगळ्या वंशरेषा निघाल्या. त्यांना नावं न देता ए, बी, सी अशी अक्षरं दिली गेली. नंतरच्या कामांत आणखी भर पडली. वरून दिसायला सगळी भावंडं, आतून एकमेकांपासून लाखो वर्षं फारकत घेतलेली.

मग खरं क्युक्युलाटा त्यातलं कोणतं? अटलांटिकातल्या मूळ ठिकाणच्या कालवाशी जे जुळेल ते. बाकीच्यांना एक तर जुन्या पेटाऱ्यातलं पडून राहिलेलं नाव द्यायचं, नाहीतर नवं. दिवाळ्याच्या जेटीवर कुठलं अक्षर बसलंय, हे नख फिरवून कळणार नाही.

ऐरोलीचा बाब्या

म्हणजे आपण इतकी वर्षं ज्याला बॉम्बे ऑयस्टर म्हणतोय, त्याला नावच नाही?

पीसीआर

नाव आहे, पण ते ज्याच्या नावावर केलंय तो मालक तोच आहे का, हे ठरायचंय. सातबारा तपासावा लागेल.

चेंदणीकर

बघा, मी म्हणत होतो तेच. 'कालव' लिहा.

वाशी पूल

क्रॅसोस्ट्रिआ आणि मॅगॅलाना यांत काय भानगड आहे, तेही एकदा सांगून टाका. दोन्ही नावं वाचून डोकं उठलंय.

पीसीआर

ही भांडणं मजेशीर आहेत. क्रॅसोस्ट्रिआ वंश १८९७ चा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं कालव आणि आशियातली कालवं सगळी त्यात कोंबलेली. डीएनए हाती आल्यावर दिसलं की अटलांटिकवाली एका फांदीवर आणि आशिया-पॅसिफिकवाली दुसऱ्या. २०१७ मध्ये साल्वी आणि मारिओतिनी यांनी दुसऱ्या फांदीला मॅगॅलाना हा वेगळा वंश दिला. त्याच वर्षी कालवांवर काम करणाऱ्या बऱ्याच शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन विरोध नोंदवला. पुरावा पुरेसा नाही, शेती आणि संशोधनातलं रुळलेलं नाव उगाच मोडू नका, असं त्यांचं म्हणणं. आज सागरी जीवांच्या जागतिक नोंदवहीत मॅगॅलाना चालतं, मत्स्यशेतीवाले बरेचसे क्रॅसोस्ट्रिआच लिहितात. प्राणी तोच. आपलं मद्रासेन्सिस तर या फेरफारात मॅगॅलाना बायलिनिएटा झालं, कारण रोडिंगने १७९८ मध्ये दिलेलं नाव प्रेस्टनच्या १९१६ च्या नावापेक्षा जुनं निघालं. जुनं नाव जिंकतं, असा नियमच आहे.

मृदुकाय

नियम खरा, पण माझं वैयक्तिक मत सांगते. वंशाचं नाव बदलण्याची जरा घाईच झाली. कोळ्यांच्या पोरांना शिकवणाऱ्या शिक्षकाने दर दहा वर्षांनी पुस्तक खोडायचं का? ऑस्ट्रिआचं सॅकोस्ट्रिआ झालं ते पटण्यासारखं होतं. हा वंश १९२० सालीच वेगळा काढलेला होता, पण रुळला तो १९७१ मध्ये स्टेन्झेल यांनी साऱ्या कालवांची नव्याने मांडणी केल्यावर. तिथे दंतिका, पोकळी, पिल्लं सांभाळायची रीत असे हातात धरून दाखवता येणारे फरक होते. खरं ऑस्ट्रिआ पिल्लं काही दिवस पोटाशी ठेवतं, सॅकोस्ट्रिआ अंडी आणि शुक्राणू सरळ पाण्यात सोडतं. मॅगॅलाना मात्र शिंपेवर बोट ठेवून दाखवा म्हटलं तर कठीण आहे.

पीसीआर

बोट ठेवून दाखवता आलं नाही म्हणून फरक नसतो असं नाही, मॅडम. कालवांच्या बाबतीत शिंप किती फसवते, हे तुम्हीच वर लिहिलंय.

मृदुकाय

लिहिलंय. तरी शाळेतल्या मुलाच्या हातात सिक्वेन्सर देता येत नाही, भिंग देता येतं.

दिवाळ्याची सून

तुम्ही दोघं भांडा, आम्ही वाचतो. छान चाललंय.

खाजणवारा

@पीसीआर, समजा डीएनए करून बघायचंच ठरवलं, तर करायचं काय? एका कॉलेजातल्या ओळखीच्या मॅडम मदत करायला तयार आहेत.

पीसीआर

आधी जागा नीट बघा. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्यात येणारा भाग असेल तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रिकामी शिंपसुद्धा उचलायची नाही. २०१५ पासून ते अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेलंय. जेटी त्या हद्दीबाहेर असली तरी स्थानिकांना विचारूनच हात लावा, कुणाच्या तरी रोजच्या उत्पन्नाची जागा असते ती.

नमुना घेताना प्रत्येक कालवाला क्रमांक द्या. शिंपेचे फोटो बाहेरून, आतून, बिजागरीचे, डागाचे, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. मांसाचा तुकडा मिटणीच्या स्नायूचा घ्या, कल्ल्यांचा किंवा पोटाचा नको. तिथे त्याने गाळून घेतलेलं इतरांचं डीएनए मिसळतं. लगेच पंच्याण्णव टक्क्यांच्या वर असलेल्या इथेनॉलमध्ये टाका, फॉर्मलिन चुकूनही नको. आणि शिंपा फेकू नका. त्याच क्रमांकाची जोडी डबीत जपून ठेवा. आज डीएनएच्या जागतिक साठ्यात कालवांचे कितीतरी सिक्वेन्स, म्हणजे वाचलेले डीएनए, चुकीच्या नावाने पडलेत, आणि शिंपच ठेवलेली नसल्याने ते दुरुस्त करायलाही वाव नाही. म्हणून आपला सिक्वेन्स त्या साठ्याशी जुळवल्यावर निकालात सर्वात वर जे नाव येईल ते डोळे झाकून घेऊ नका. जुळणी कुठल्या देशातल्या, कुणी ओळखलेल्या नमुन्याशी झाली ते उघडून बघा. क्युक्युलाटाचं स्पेलिंग शोधताना मधल्या 'सी'चं एकदा एकेरी आणि एकदा जोडाक्षर करून टाका, दोन्ही चालू आहेत.

सीओआय आणि सोळा-एस, दोन्ही जनुकं केलीत तर उत्तम. एकावर विसंबू नका.

वाशी पूल

उरणला पीरवाडीच्या खडकांवरची कालवंही सोबत घ्या. तिथे पाणी जास्त खारं, दिवाळ्याला कमी. दोन्हीकडे वरून सारखी दिसणारी एकच वंशरेषा आहे की नाही, ते कळेल.

ऐरोलीचा बाब्या

शेजारी न्हावा-शेवा बंदर आहे, हे विसरू नका. जहाजांच्या तळाला चिकटून काय काय येतं! मायटिलॉप्सिस ही कॅरिबियनकडची बारीक शिंपली मुंबईच्या बंदरात कधीच घर करून बसलीय. उद्या एखादं परकं कालव निघालं तर आश्चर्य नको.

पीसीआर

शक्यता आहेच. पण परकं म्हणायच्या आधी इथलं म्हणजे कोणतं, हे तरी ठरायला हवं. आपलं घोडं अजून तिथेच अडलंय.

सुगरण कोपरी

या खाडीतली कालवं खावीत का, हे कुणीच बोलत नाही.

ऐरोलीचा बाब्या

मी तरी खात नाही. कालव दिवसभर पाणी गाळत बसतं, त्यात जे असेल ते अंगात साठवतं. जस्त, तांबं तर विशेष. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६०च्या दशकापासून कारखाने आहेत. जंतू उकळून मरतील, धातू नाही मरत.

दिवाळ्याची सून

हे मान्य आहे. आमच्याकडेही आता घरच्या खाण्यासाठी अलिबागकडून आणतात. पण जुनी माणसं ऐकत नाहीत, आणि ज्यांचं पोटच खाडीवर आहे त्यांना 'खाऊ नका' एवढं सांगून कसं चालेल? पाणी कोणी घाण केलं, तेही फलकावर येऊ द्या.

खाजणवारा

फलकाचा मजकूर असा केलाय, बघून सांगा:

"खडकावरचं कालव. सॅकोस्ट्रिआ, क्युक्युलाटा समूह. डावी शिंप दगडाला चिकटलेली, काठ नागमोडी, आतल्या कडेला बारीक दंतिका. या समूहात दिसायला सारख्या अनेक जाती असून त्यांची नावं निश्चित करण्याचं काम जगभर चालू आहे. चिखलातल्या खांबांवरचं मोठं, लांबट कालव वेगळं. त्याची कड आतून गुळगुळीत. शास्त्रीय नाव क्रॅसोस्ट्रिआ किंवा मॅगॅलाना ग्रायफॉइडिस. दोन्ही कालवं खाडीचं पाणी गाळतात आणि पाण्यातलं प्रदूषण त्यांच्या अंगात साठतं."

मृदुकाय

'समूह' हा शब्द योग्य घातलात. ग्रायफॉइडिसच्या पुढे मात्र 'बहुधा' लिहा, डीएनए होईपर्यंत.

पीसीआर

+१. आणि दोन्ही शिंपांचे आतले फोटो मोठे छापा. बाहेरचा एकच पुरे.

चेंदणीकर

मथळ्यात 'कालव' मोठ्या अक्षरात आहे ना? मग माझी हरकत नाही.

दिवाळ्याची सून

सासूबाई विचारतायत, नमुने घ्यायला कधी येताय? उधाणाची ओहोटी बघून या, भांगाला खालचा दगड उघडा पडत नाही. चपला घालून येऊ नका, जाड तळव्याचे बूट आणा. कालवाची धार तळव्यात गेली की आठवडाभर पाय टेकवत नाही.

खाजणवारा

अमावास्येनंतरच्या रविवारी येतो. कॉलेजच्या मॅडमही आहेत. इथेनॉल त्या आणतील, डब्या माझ्याकडे आहेत. @वाशी पूल, उरणचं तुम्ही बघता का?

वाशी पूल

बघतो. मोऱ्याला एक ओळखीचे आहेत, त्यांना विचारून कळवतो.